चित्रपटांतील सोयरीक

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाई आमच्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "या खेपेला वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मला वाटले, लोणच्याच्या मसाल्याविषयी बोलायचे असेल. त्या म्हणाल्या, "लोणचे नको, तुमचे ते सिनेमाचे सांगा." तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आला आहे. मी सातवी शिकलेली बाई. पैठण तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला चार कोस चालत जावे लागे, आणि मुलीला एकटीने तेवढे चालू देणार कोण? तेव्हा शाळा तेथेच संपली. पुढचे जे काही शिकणे झाले ते आकाशवाणीवर, रविवारी दूरदर्शनवर लागणाऱ्या मराठी चित्रपटांवर, आणि वाण्याच्या पुडीला आलेल्या वर्तमानपत्राच्या पुरवण्यांवर. तेव्हा भाषणात काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझ्याजवळ एक वही आहे. पुढच्या बाजूने दुधाचा हिशोब, आणि उलटी करून मागच्या बाजूने सिनेमाच्या गोष्टी. कोणत्या चित्रपटात कोणत्या दुसऱ्या चित्रपटाची खूण लपली आहे, कोण कोणाची कोण लागते, कोणती गोष्ट कोठून उसनी आणली आहे, असे सारे त्यात टिपलेले आहे. आमचे हे म्हणतात, "यातले एक तरी बाजारात विकले जाईल काय?" विकले जाणार नाही हे मलाही ठाऊक आहे. पण या वहीपायी मी याच मंडळातल्या एका वडीलधाऱ्या बाईंशी दीड वर्ष बोलत नव्हते, हे आपल्यापैकी निम्म्या जणींना माहीत आहे. तो प्रसंग आज सांगणारच आहे. ज्यांच्याविषयी आहे त्यांची परवानगी घेतली आहे. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि आताच हसू लागल्या आहेत.

आधी थोडे सोपे सांगते, म्हणजे माझी भीड चेपेल.

'अशी ही बनवा बनवी' न पाहिलेली बाई येथे असेल तर तिने हात वर करावा. पाहा, एकही नाही. 1988 सालचा चित्रपट, पण आमच्या धाकट्यालाही तोंडपाठ आहे. जोडप्यालाच खोली देणार असे घरमालकीण म्हणते म्हणून दोन पुरुष लुगडे नेसतात. आता ही गोष्ट मूळची कोठली? 1966 साली हृषिकेश मुखर्जींनी 'बीवी और मकान' नावाचा हिंदी चित्रपट काढला होता, त्यातही हेच आहे. आणि त्याच्याही मागे गेले तर 1955 सालचा एक बंगाली चित्रपट निघतो, 'जय माँ काली बोर्डिंग'. म्हणजे कलकत्त्याची खोली मुंबईला आली आणि मग पुण्याला. लीलाबाई काळभोरांच्या वाड्यात आपण जे हसलो त्याचे मूळ त्या बोर्डिंगात आहे. तरीही मी म्हणेन की आपला सरस. भाजणी तीच, पण सोऱ्या निराळा आणि तळणारा हात निराळा. हे शहर वाढत होते त्या दिवसांत ज्यांनी भाड्याच्या खोलीसाठी पायपीट केली, त्यांना ती गोष्ट नुसती थट्टेची वाटत नाही. लग्नानंतर आम्हीही सिडकोत तीन खोल्या पाहिल्या होत्या, आणि तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न "माणसे किती?" हाच होता.

याच चित्रपटाचे दिग्दर्शक सचिन, जे त्यात स्वतः बाई झाले आहेत, ते 1963 सालच्या 'हा माझा मार्ग एकला' या राजा परांजप्यांच्या चित्रपटातले लहान मूल. आणि 'शोले'तला अहमद तोही तेच. एकाच माणसाला आपण मुलगा, जवान आणि बाई अशा तिन्ही रूपांत पाहिले आणि तरी ओळखले नाही!

दुसरी एक सोयरीक याहून गुंतागुंतीची आहे, ती नीट लक्ष देऊन ऐका. महेश कोठाऱ्यांचा 'धूमधडाका' आठवतो ना? 1985 सालचा. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे सिनेमा काढायच्या नादाने वेडा झालेला मुलगा आहे आणि बापाकडे, म्हणजे शरद तळवलकरांकडे, पैसे मागतो. मूळ गोष्ट 1964 सालची तमिळ. तिचा हिंदी अवतार 1966 साली आला, 'प्यार किये जा'. त्यात बेर्डेंच्या जागी मेहमूद होता, आणि त्याच्या त्या काल्पनिक सिनेमा कंपनीचे नाव होते 'वाह वाह प्रॉडक्शन्स'. आता पुढे चला. 1994 साली 'अंदाज अपना अपना' आला. त्यात सलमान खानला नट व्हायचे आहे आणि मेहमूद क्षणभर येतो, कोण म्हणून? तर 'वाह वाह प्रॉडक्शन्स'चा मालक म्हणून! अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका चित्रपटात ज्या पोराजवळ दमडी नव्हती त्याची कंपनी दुसऱ्या चित्रपटात एकदाची उभी राहिलेली दिसते. ज्याने पहिला पाहिला आहे त्यालाच हे हसू येते. बाकीचे आपले पुढे बघतात. याच चित्रपटातला क्राइम मास्टर गोगो स्वतःला मोगॅम्बोचा पुतण्या म्हणवतो, आणि मोगॅम्बो हा 1987 सालच्या 'मिस्टर इंडिया'तला. म्हणजे खलनायकांचीसुद्धा भाऊबंदकी असते.

हे मला कळले त्या दिवशी मी पोळी करपवली. कोणाला सांगावे हेच सुचेना. हे कारखान्यातून आले तेव्हा त्यांना सांगितले, तर म्हणाले, "बरे, मग जेवायला वाढ."

त्याच चित्रपटात विजू खोटे आहेत, आणि 'शोले'त गब्बरसमोर मान खाली घालून उभा राहणारा कालियाही तेच. आता हे खोटे म्हणजे कोणते? ज्या दुर्गाबाई खोट्यांनी 1932 साली 'अयोध्येचा राजा'त तारामतीचे काम केले, त्यांच्याच सासरचे. दुर्गाबाई त्यांच्या चुलती. एका घरात तारामती आणि कालिया! दुर्गाबाईंविषयी मी आणखी सांगू शकते, त्या माझ्या फार आवडत्या. ज्या काळी चांगल्या घरच्या बायकांनी सिनेमाचे नाव काढणे पाप होते त्या काळी त्या उभ्या राहिल्या. 'माया मच्छिंद्र'मध्ये चित्ता बाजूला घेऊन बसल्या, 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई झाल्या, आणि म्हातारपणी 1973 सालच्या 'बॉबी'त मिसेस ब्रगांझा.

त्या 'बॉबी'तही एक गोष्ट लपली आहे. नायक ब्रगांझाबाईंच्या घरी जातो तेव्हा बॉबी दार उघडते आणि तिचे हात पिठाने भरलेले असतात. तशाच हाताने ती केस मागे सारते आणि पीठ केसांना लागते. हा प्रसंग राज कपूरने मनाने रचलेला नाही. तो तरुणपणी जद्दनबाईंच्या घरी गेला होता आणि त्यांच्या मुलीने, म्हणजे नर्गिसने, भजी तळता तळता येऊन असेच दार उघडले होते. कित्येक वर्षे त्याने ते पीठ मनात जपून ठेवले आणि दुसऱ्याच मुलीच्या हाताला लावले. या गोष्टीवर आमच्या गच्चीत दोन तट पडले होते. एक तट म्हणतो, किती गोड. दुसरा म्हणतो, घरच्या बायकोला तो प्रसंग पाहून काय वाटले असेल? मी दुसऱ्या तटात आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. आपण अजिंठ्याला शाळेच्या सहलीत गेलो, केळी आणि दशम्या खाल्ल्या, सोळा नंबरच्या लेण्यात एकमेकींना हाका मारल्या आणि परत आलो. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, पुढे ज्या भानू अथैया म्हणून प्रसिद्ध झाल्या, त्याही अजिंठ्याला आल्या होत्या. त्या आल्या त्या वैजयंतीमालेसाठी कपडे बेतायला! 1966 सालच्या 'आम्रपाली' चित्रपटातली ती नेसण, ती कंचुकी, ते दागिने, हे त्यांनी आपल्या भिंतींवरच्या चित्रांवरून घेतले. तो चित्रपट लागला तर आता नुसत्या नृत्याकडे पाहू नका, कमरेच्या वस्त्राकडे पाहा. आणि मग एक नंबरच्या लेण्यातल्या राण्या आणि दासी आठवा. ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय त्याच, 1983 साली, 'गांधी' चित्रपटाच्या पोशाखांसाठी. म्हातारपणी, 2012 साली, त्यांनी ते बक्षीस जपणुकीसाठी देणाऱ्यांकडेच परत पाठवले. 'ब्रह्मचारी' या हिंदी चित्रपटातली मुमताजची ती घट्ट केशरी साडी, जिची नक्कल करताना आमच्या पिढीच्याही मुली लग्नात अडखळून पडल्या, तीही त्यांचीच.

अजिंठ्याचेच म्हणायचे तर आपले ना. धों. महानोर त्या डोंगराच्या पायथ्याचे, पळसखेडचे. 1977 सालच्या 'जैत रे जैत'ची गाणी त्यांची. गाणी ठाकरांची, डोंगर रायगडाकडचा, पण शब्द सोयगाव तालुक्यातले. पुढे 2012 साली 'अजिंठा' चित्रपट निघाला तो त्यांच्याच काव्यावर, रॉबर्ट गिल आणि पारो यांच्या गोष्टीचा. पारोची कबर अजिंठा गावात आहे आणि गिलसाहेबाची भुसावळला. मी दोन्ही पाहिल्या आहेत. भुसावळला नणंदेकडे गेले तेव्हा मुद्दाम पाहिली. नणंद म्हणाली, "वहिनी, लोक देवळात जातात, तुम्ही हे काय पाहायला आलात?"

नावे लपवायचीही मोठी तऱ्हा आहे. 'साधी माणसं', 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', या चित्रपटांचे संगीतकार म्हणून 'आनंदघन' असे नाव येते. हे गृहस्थ कोण, कोणाला ठाऊक नव्हते. 'साधी माणसं'ला राज्य सरकारचे बक्षीस जाहीर झाले, समारंभात आनंदघनांचे नाव पुकारले गेले, आणि लता मंगेशकर श्रोत्यांतच बसलेल्या होत्या. तेथेच कोणीतरी गुपित फोडले की आनंदघन ते ह्याच. लोकांनी बाईंचा गळा ऐकला आणि बाईंची चालही ऐकली, पण चाल कोणा पुरुषाची असेल असे समजून. त्याच चित्रपटांत गीतकार 'योगेश' म्हणून जे नाव दिसते ते दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचे. मला भालजींच्या टोपणनावाचे काही वाटत नाही, पण लताबाईंच्या टोपणनावापाशी मी फार वेळ अडकले होते. एवढ्या मोठ्या बाईलाही वाटले असेल काय की नाव न सांगता केले तर लोक नीट ऐकतील? असो.

आता माईंची गोष्ट. त्यांना सगळ्या जणी माईच म्हणतो. माई शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्यावर त्यांनी आपले भजनी मंडळ बांधले. मला टाळ धरायला त्यांनीच शिकवले. एका आषाढीला आमचे भजन होते. माईंनी पेटीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "आता तुकोबारायांचा अभंग घेऊ," आणि गाणे सुरू केले ते बीज, अंकुर आणि झाड यांचे. आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे ते. आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगते, विचार न करता निघाले, "माई, हा तुकोबांचा नव्हे. सिनेमातला आहे."

पेटी थांबली. पन्नास बायका माझ्याकडे वळल्या. माई म्हणाल्या, "कोणी सांगितले?" मी म्हणाले, "रेडिओवर ऐकले होते. 1936 सालच्या 'संत तुकाराम'साठी शांताराम आठवले यांनी लिहिला." माई म्हणाल्या, "मी चाळीस वर्षे म्हणते आहे. सिनेमा बघून अभंग ठरवू लागलात तर उद्या ज्ञानेश्वरीही सिनेमातली म्हणाल." एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरे, पण मागून एक बाई पुटपुटल्या, "सातवी पास, आणि बाईंना शिकवते." हे माईंनी म्हटले नव्हते. पण त्यांनी त्या बाईंना गप्पही केले नाही. मी टाळ खाली ठेवले आणि घरी आले.

दीड वर्ष मी भजनाला गेले नाही. जिन्यात माई भेटल्या तर मी पदर सावरून खाली बघे. लोकांना वाटले मी एका गाण्यासाठी रुसले. मला गाण्याचे दुःख नव्हते. मला एवढेच लागले होते की आयुष्यात पहिल्यांदा चारचौघींत मला एक गोष्ट खरी ठाऊक होती, आणि ती माझ्या तोंडी शोभली नाही. हीच गोष्ट कोणा प्राध्यापिकेने सांगितली असती तर सगळ्यांनी मान डोलावली असती.

आणि हेही सांगते की रागात मला शहाणपण सुचले नाही. मी घरी गाथा काढून पाहिली असती तर पाच मिनिटांचे काम होते. मागे अकारविल्हे सूची असते. पण आमच्या घरी गाथा नव्हती, आणि मागायला जायचे तर माईंकडेच.

मग एका दुपारी कडी वाजली. दारात माई. हातात पिशवी, पिशवीत गाथा. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सूचीत नाही." मी काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, "सूचीवर माझा विश्वास नव्हता. म्हणून रोज रात्री थोडी थोडी करून सबंध वाचली. साडेचार हजारांवर अभंग आहेत. कोठेही नाही." भगिनींनो, चूक मान्य करायला दीड वर्ष लागले असे कोणी म्हणेल. मी म्हणते, चूक तपासायला सबंध गाथा वाचणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

चहा झाला तेव्हा त्यांनी मला कोंडीत धरले. "आता तुमची वही दाखवा." मी भीत भीत दाखवली. त्यांनी चष्मा लावून, तांबड्या पेनाने नव्हे पण त्याच नजरेने, सगळी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवले. मी लिहिले होते, 'सिनेमात काम करणारी पहिली बाई, दुर्गाबाई.' मला म्हणायचे होते दुर्गा खोटे, आणि हेच मी वर्षानुवर्षे सर्वांना सांगत होते. माई म्हणाल्या, "दुर्गाबाई खऱ्या, पण खोटे नव्हेत, कामत."

आणि त्यांचे बरोबर होते. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. त्याच साळुंक्यांनी 1917 सालच्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. म्हणजे 'बनवा बनवी'चे खरे मूळ कलकत्त्यात नाही, दादरला आहे! पण त्याच 1913 साली फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. मायलेकी एकाच चित्रपटात. ह्या कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. माझी चूक एकोणीस वर्षांची होती. मी ती ओळ खोडली आणि माईंनी स्वतःच्या अक्षरात खाली बरोबर लिहून दिले. ते पान मी जपून ठेवले आहे.

त्या दिवसापासून आम्ही दोघी शनिवारी दुपारी माझ्या मुलीच्या फोनवर जुने चित्रपट बघू लागलो. पहिला अर्थातच 'संत तुकाराम'. दामले आणि फत्तेलाल यांचा, प्रभातचा. 1937 साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात तो जगातल्या उत्तम तीन चित्रपटांत गणला गेला. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले आणि मी ओरडलेच, "माई, हे तर आमच्या देव्हाऱ्यातले!" माझ्या माहेरच्या देव्हाऱ्यात तुकोबांची म्हणून जी तसबीर होती, वीणा आणि चिपळ्या घेतलेली, ती पागनीसांची होती. माझी आजी तिला रोज हळदकुंकू लावत असे. हे पागनीस नाटकात बायकांची कामे करणारे नट होते हे तिला कळले असते तर काय म्हणाली असती कोण जाणे. माई म्हणाल्या, "काही म्हणाली नसती. नमस्कार केला असता." त्या गाण्याविषयीही मग मी वाचले की ते इतके बेमालूम उतरले होते की जाणकारांनाही ते तुकोबांचेच वाटले. तेव्हा माईंनी एवढे मनाला लावून घ्यायचे कारण नाही, आणि हे मी येथे सर्वांसमोर सांगते आहे.

पुढच्या शनिवारी आम्ही 2009 सालचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहिला, परेश मोकाशींचा. या नावातच खूण लपलेली आहे. सिनेमात काम करतो म्हटले तर नटांना कोणी मुलगी देईना, घर देईना; म्हणून फाळके त्यांना सांगत, कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असे सांगा. त्या चित्रपटात सरस्वतीबाई फाळक्यांना पाहून माई गप्प झाल्या. नवऱ्याच्या सिनेमापायी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, रात्री जागून फिल्मला भोके पाडली, ती धुतली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. आपल्याकडे लग्नकार्यात एक बाई असते ना, जी फोटोत कोठेच नसते कारण ती आत पुऱ्या तळत असते? माई म्हणाल्या, "वहीत यांना वेगळे पान दे." दिले आहे.

आणि त्याच चित्रपटात एक वाटाण्याचे रोप आहे. फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 साली, एका कुंडीतल्या वाटाण्याला कोंब कसा फुटतो आणि तो कसा वाढतो याचे रोज थोडे थोडे चित्रण करून लहानशी फिल्म केली होती. ती पाहूनच त्यांना भांडवल मिळाले. ते रोप पडद्यावर वाढू लागले आणि माई व मी एकदम एकमेकींकडे पाहिले. बीज, अंकुर आणि झाड! म्हणजे आठवल्यांनी त्या गाण्यात फाळक्यांच्या वाटाण्याची खूण लपवली असेल काय? माई म्हणतात, असेल. पुढच्याने मागच्याला केलेला नमस्कार. मी म्हणते, नाही. बीज आणि वृक्ष ही आपल्या संतांची फार जुनी उपमा आहे, वाटाणा त्यात योगायोगाने आला. पाहा, आता मी तुकोबांच्या बाजूने आणि माई सिनेमाच्या बाजूने! हा वाद अजून मिटलेला नाही.

वेळ झाल्याची घंटी चिटणीसबाईंनी दोनदा वाजवली आहे, तेव्हा उरलेले भराभर सांगते. मुलांनी 'झपाटलेला' पुष्कळ वेळा पाहिला असेल. त्यातल्या लक्ष्याचे आडनाव 'बोलके' आहे, आणि तात्या विंचूचा बाहुला केला रामदास पाध्यांनी, ज्यांच्या बोलक्या बाहुल्या घरोघरी ठाऊक आहेत. कळले ना, आडनाव असे का? ललिता पवारांचा डोळा, ज्याला पाहून आपण लहानपणी भीत होतो, तो मुळात तसा नव्हता. 1942 साली एका प्रसंगात भगवानदादांची चपराक जोरात बसली आणि अर्धा चेहरा लुळा पडला. नायिका होणारी बाई त्या चपराकीने सासू झाली, आणि सासू म्हणून अजरामर झाली. भगवानदादा म्हणजे पुढे 'अलबेला'त नाचणारे तेच. आणि 1938 सालच्या 'ब्रह्मचारी'त पोहण्याच्या पोशाखात येऊन ज्यांनी महाराष्ट्र हादरवला त्या मीनाक्षी शिरोडकर, नम्रता आणि शिल्पा शिरोडकरांच्या आजी.

येत्या शनिवारी आम्ही शांतारामबापूंचा 1939 सालचा 'माणूस' लावणार आहोत. देवदाससारखे प्रेमात दारू पिऊन मरायचे नाही, हे सांगण्यासाठी त्यांनी तो काढला. त्यात एके ठिकाणी बॉम्बे टॉकीजच्या बागेतल्या प्रेमगीतांची थट्टा केलेली आहे. ती जागा कोणती हे मी आधी सांगणार नाही, ज्या ओळखतील त्यांचे नाव वहीत लिहीन. नायक शाहू मोडक हे नगरकडचे ख्रिस्ती गृहस्थ, आणि पडद्यावर त्यांनी कितीदा तरी कृष्ण केला, हेही ध्यानात ठेवून पाहा. दुपारी अडीचला आमच्याकडे. मुलीने फोन टीव्हीला जोडून देण्याचे कबूल केले आहे. येताना एकेक सतरंजी आणावी, आमच्याकडे दोनच आहेत, आणि त्यांतली एक माईंची ठरलेली आहे.